मागच्या रांगेतला आवाज

कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या बाईंना एक खोड होती. गप्प बसलेली मुलं त्यांना बघवत नसत. श्रद्धा, समाज असं काही निघालं की वर्गातली मुलं मूग गिळून बसतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी दर गुरुवारी दुपारी एक तास सुरू केला. ज्यानं त्यानं आपल्या घरातलं भक्तीचं गाणं आणायचं, सगळ्यांनी ऐकायचं, मग मनात येईल ते विचारायचं.

पहिले काही गुरुवार छान गेले. मुलं भांडली, हसली, एकमेकांच्या प्रार्थनांचे अर्थ विचारू लागली.

पाचव्या गुरुवारी 'पेन्सिल' उभी राहिली. उंच, सडपातळ, म्हणून तिला सगळे तसंच म्हणत. तिनं मोबाइल स्पीकरला जोडला. एका पुरुषाचा भरदार, किंचित फाटलेला आवाज खोलीत भरला. गाणं संपलं तरी कुणी हललं नाही.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "बावीस वर्षं प्रार्थनाघरात पुढे उभे राहून गायचे. ताईनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांना मागच्या रांगेत बसवतात. गायचं नाही म्हणून सांगितलंय. देव सगळ्यांचं ऐकतो ना? मग बाबांचा आवाज नक्की कुणाला खुपतो?"

त्या दिवशी तास संपून गेला तरी मुलं बोलत होती. बाई घरी गेल्या त्या हवेत तरंगतच.

शनिवारपर्यंत पेन्सिलच्या शेवटच्या प्रश्नाचा व्हिडिओ, तेवढाच कापलेला, शेकडो मोबाइलवर पोहोचला होता. कुणी काढला, कुणी पाठवला, कळलं नाही. सोमवारी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचा हेतू शंभर टक्के चांगला. पण हेतूचा व्हिडिओ निघत नाही. तास बंद करा."

"आणि त्या मुलीचं काय?"

प्राचार्यांनी चष्मा पुसला.

बाई तडक पेन्सिलच्या वडिलांच्या दुकानात गेल्या. ते टेलर होते. मशीन बंद होतं. शिवायला दिलेलं कापड समाजातल्या लोकांनी परत नेलं होतं, त्यामुळे फळ्या रिकाम्या होत्या. ते चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी बाईंची तयारी होती. पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. येत्या प्रार्थनेला तिला सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलंय. मागेल ती. मग मिटेल."

"मी येते तिच्याबरोबर. प्रश्न माझ्या वर्गात विचारला गेला, चूक माझी आहे, असं सांगते."

"तुम्ही आलात तर म्हणतील, बाहेरच्या बाईनं पोरीला फितवलं. मग आगीत तेलच."

"मग मी लिहून देते..."

"बाई," आतल्या पडद्याजवळून पेन्सिल म्हणाली. ती तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. "तुम्ही आता काही करू नका ना. प्लीज."

बाई पर्स उचलून दुकानाबाहेर पडल्या.

तरी प्रार्थनेच्या दिवशी पाय ऐकेनात. प्रार्थनाघरासमोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या सावलीत त्या उभ्या राहिल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम सगळे मिळून गाऊ लागले. बाईंचा कान तयार होता, शंभरातून एक सूर त्या वेगळा काढू शकत. त्यांनी डोळे मिटून तो फाटलेला, भरदार आवाज शोधला. नव्हता.

लोक बाहेर आले. शेवटी बापलेक आले. पेन्सिलचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता. तिनं बाईंना पाहिलं, क्षणभर थांबली.

"झालं," एवढंच म्हणाली.

"कॉलेजला येशील ना गं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "घरूनच अभ्यास करून परीक्षा देईल ती," ते मान खाली घालून म्हणाले. "तुमचा राग नाही हो आम्हाला. पण आता पुरे."

दोघं निघाले. बाप पुढे, लेक दोन पावलं मागे. हाक मारावी म्हणून बाईंनी हात वर केला, पण हाक मारून सांगायचं काय, ते त्यांना सुचेना. हात तसाच खाली आला.