बावखलाला नोटीस

वटार गावच्या सॅन्टनचा सोनचाफा ज्या बावखलाच्या पाण्यावर जगत होता, ते बावखल सरकारी कागदावर नव्हतंच. खापरपणज्यांनी वाड्यांच्या शिंपणासाठी मिळून खोदलेलं, बारमाही पाण्याचं तळं, पण नव्हतं. ही बातमी त्याला भराव टाकायला आलेल्या डंपरच्या मुकादमाने दिली. मुकादम नायगावचा, नाव फ्लॉईड, तोंडाने गोड.

"काका, तळं असतं तर मी हात लावला असता का? कागदावर ही कोरडी जमीन आहे."

"मग मी कशात उभा आहे?" गुडघाभर पाण्यातून सॅन्टनने विचारलं.

"कोरड्या जमिनीत," फ्लॉईड म्हणाला. "इथं तळं आहे असा सरकारी शिक्क्याचा कागद आणा, आमचा शेठ ऐकेल. आणि हे बघा, आता उपवासकाळ चालू आहे. लोक मटण सोडतात, दारू सोडतात. मी ईस्टरपर्यंत भराव सोडतो."

"देव तुझं भलं करो," सॅन्टनची बायको मार्था म्हणाली. "पण ईस्टरनंतर नको."

सॅन्टनने तहसील कार्यालयात बावखलाची नोंद मागत माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. बावखल गेलं तर चाफा गेला, आणि चाफा गेला तर या वयात तो बोळिंजला कुठल्या तरी बिल्डिंगच्या गेटवर शिट्टी घेऊन बसणार, एवढं सरळ गणित होतं.

माहिती अधिकारी मेहेर साहेबांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला.

"अर्जदार तुम्ही. कार्यालय आम्ही. माहिती कुणाची? बावखलाची. म्हणजे बावखल झालं त्रयस्थ. त्रयस्थाला विचारल्याशिवाय त्याची माहिती देता येत नाही."

"साहेब, ते पाणी आहे."

"मग पाण्याला काही खाजगी नसतं का?" मेहेर दुखावले. "खोली किती, तळाशी काय साचलंय, असं उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं तर चालेल?"

आपल्या तळाशी काय साचलंय ते सॅन्टनला आठवलं आणि त्याने घरची वाट धरली.

पुढच्या आठवड्यात मेहेर शिपायाला घेऊन वाडीत हजर. पंच म्हणून मार्था आणि शेजारचा रुडॉल्फ. मेहेरांनी काठावर उभं राहून नोटीस खणखणीत वाचली: "आपली माहिती अर्जदारास देण्यास आपली हरकत आहे काय?"

बावखल काही बोललं नाही. एक बेडूक मात्र ओरडला.

"ही हरकत धरायची का साहेब?" शिपायाने पेन उघडलं.

मेहेरांनी डोळे मिटून विचार केला. "नाही. बेडूक हा चौथा पक्ष. त्याने वेगळा अर्ज करावा."

"आणि पोच? सही कोण करणार?"

"सही येत नसेल तर निशाणी." मेहेरांनी कागदाचा कोपरा पाण्यात बुडवला, डागाभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'बावखलाची निशाणी, समक्ष'. मार्था आणि रुडॉल्फने साक्ष घातली.

उत्तर आलं ते गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी. 'त्रयस्थाची हरकत नसल्याने अभिलेख तपासला. सदर बावखल अभिलेखात आढळून येत नाही.' सॅन्टन त्या दिवशी जेवलाच नाही. मार्था म्हणाली, तसाही उपवासच आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका.

ईस्टर झाला आणि सोमवारी सकाळी दोन डंपर घेऊन फ्लॉईड आला. येताना सॅन्टन-मार्थासाठी केकही आणला होता.

"कागद मिळाला?"

सॅन्टनने मान खाली घालून पत्र दिलं. फ्लॉईडने वाचलं आणि हळहळला. "आढळत नाही म्हणतात, काका. मी काय करू?" त्याने ड्रायव्हरला हात केला.

"थांब रे," मार्था म्हणाली. "मागचं पान कोण वाचणार? सोबत जोडलंय ते?"

मेहेर काही ना काही जोडल्याशिवाय पत्र पाठवत नसत. फ्लॉईडने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं. "पंचांसमक्ष पंचनामा... सदर बावखल जागेवर हजर मिळून आले. नोटीस वाचून दाखवली असता शांतपणे ऐकून घेतली. पाणी नितळ, स्वभाव खोल." खाली डागाची निशाणी, साक्षी आणि गोल शिक्का.

फ्लॉईडने डोकं खाजवलं. "पुढचं पान म्हणतं नाही. मागचं म्हणतं हजर होतं."

"सरकार नसलेल्याला नोटीस देतं का?" मार्थाने विचारलं.

फ्लॉईडने शेठला फोन लावला आणि दोन्ही पानं वाचून दाखवली. शेठने एकच विचारलं, "निशाणी केलीय त्याने?"

"केलीय शेठ. साक्षीदारपण आहेत."

फोन ठेवून फ्लॉईड हळू आवाजात म्हणाला, "शेठ म्हणतो, सरकारने ज्याला समक्ष पाहिलं त्याला पुरायचं म्हणजे पोलीस केस. राहू दे." मग तो घुटमळला. "काका, सॉरी कुणाला म्हणू? तुम्हाला, की..."

सॅन्टनने बोटाने दाखवलं. फ्लॉईडने टोपी काढली, पाण्याकडे बघून "सॉरी हां" म्हणाला, उत्तराची थोडी वाट पाहिली, आणि डंपर मागे घ्यायला सांगितले.