बरोबरी पुरेल

उपासना कांबळे टेबलावर बसली होती, आणि टेबलावर बसलेल्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. या स्पर्धेत तिच्याकडे घड्याळ होतं, गोलांची नोंदवही होती आणि बदली खेळाडूंच्या चिठ्ठ्या घ्यायचं काम होतं. एरवी ती निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. समोर पिवळ्या जर्सीत धावणाऱ्या अकरा जणींपैकी सात जणी तिच्या वर्गातल्या होत्या. म्हणून ती आज सकाळपासून मुद्दाम मान खाली घालून, घड्याळाकडे बघत बसली होती.

सतरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा बेळगावात पहिल्यांदाच भरली होती. आठ संघ, दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. निपाणीच्या वाट्याला काठमांडू, कोलंबो आणि थिंफूचे क्लब आले होते. पहिल्या दिवशी कोलंबोने निपाणीला एका गोलने हरवलं. दुसऱ्या सामन्यात निपाणीने थिंफूवर चार गोल चढवले आणि मुलींना पंख फुटले. आज शेवटचा सामना, काठमांडूशी, ऐंशी मिनिटांचा. काठमांडूचे सहा गुण होऊन त्यांचं पुढं जाणं केव्हाच नक्की झालं होतं. कोलंबोचा तिसरा सामना सकाळीच संपला होता आणि त्यांचे चार गुण होते. निपाणीचे तीन. आज बरोबरी झाली तर निपाणीचेही चार. गुण सारखे झाले की गोलफरक बघायचा: निपाणीचा अधिक तीन, कोलंबोचा उणे एक. हिशोब पहिलीच्या पोराला कळण्यासारखा होता. बरोबरी पुरेल.

आणि आत्ता एक-एक अशी बरोबरीच चालू होती.

भावकू अण्णांनी, म्हणजे निपाणीच्या प्रशिक्षकांनी, मध्यंतरानंतर लगेच पुढं खेळणाऱ्या दोघींना बाहेर घेऊन मागं खेळणाऱ्या दोघींना आत घातलं होतं. बदल्या संपल्या होत्या. त्या चिठ्ठ्या उपासनानेच घेतल्या, वेळ घालून सही केली. तेव्हापासून चेंडू निपाणीच्या पायांत आडवा-मागं, आडवा-मागं फिरत होता. काठमांडूच्या पोरींनाही घाई नव्हती. त्यांना परवाच्या सामन्यासाठी पाय राखायचे होते.

अण्णांना तो हिशोब ज्या कागदावरून कळला होता, तो उपासनाने लिहिला होता. या भागात कुठलाही कागद आला तरी तो कानडीत नाहीतर इंग्रजीत येतो, आणि प्रत्येक मराठी शाळेत त्याचं एका पानाचं मराठी करून देणारं कुणीतरी असतं. निपाणीच्या शाळेत ते काम उपासनाचं. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा उठवत त्यांचा जन्म गेला, आणि वाचणारा नेहमीच खरं वाचायचा असं नाही. त्यामुळे उपासना हे काम फार जपून करायची. तिचं पान आलं की मूळ कागद कुणी उघडत नसे. या स्पर्धेचं चौदा पानी इंग्रजी नियमपुस्तकही अण्णांनी शाळेच्या कपाटात ठेवून दिलं होतं, आणि खडेबाजारातून लॅमिनेट करून आणलेलं तिचं पान खिशात.

उपांत्य फेरीला बेंगळूरच्या क्रीडा वसतिगृहाची माणसं येणार होती. ती गटातले सामने बघत नाहीत, फक्त पुढं आलेले चार संघ बघतात. हे कळल्यापासून कप्तान अक्षराने उपासनाला तीनदा एकच प्रश्न विचारला होता: नक्की येणार न्हवं बाई? अक्षरा कोगनोळीची. वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष, आणि सतराच्या वरच्या मुलींचा संघ निपाणीत नव्हता. आईने शिवणकामाच्या वर्गात तिचं नाव घालून ठेवलं होतं. वसतिगृह मिळालं तर बघू, असं आई म्हणाली होती. म्हणजे अक्षराचं खेळणं सुरू राहणार की बंद होणार, हे या दुपारी ठरत होतं.

त्रेसष्टाव्या मिनिटाला निपाणीच्या एका मुलीने चेंडू तीस पावलं मागं, थेट गोलकीपर भैरवीकडे दिला, आणि प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या.

उपासनाने वर बघितलं. टाळ्या निपाणीच्या लोकांच्या नव्हत्या. पत्र्याच्या मंडपाखाली कोलंबोच्या मुली बसल्या होत्या. सामना संपवून, केस धुऊन, हातात भेळेचे पुडे घेऊन. भैरवीने चेंडू अडवून धरला तशी त्यांच्यातली एक उठून नाचली. दुसरीने तिला ओढून खाली बसवलं आणि दोघी हसत सुटल्या.

हे बसत नव्हतं. बरोबरी झाली तर या मुली बाहेर जाणार होत्या. त्यांनी नखं खायला हवी होती. निपाणीने चेंडू मागं दिला की त्यांच्या पोटात गोळा यायला हवा होता. निरीक्षण आणि समजूत जुळत नसेल तर चूक निरीक्षणात नसते, हे ती दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला सांगायची.

तिने सामना-निरीक्षकांच्या फाईलमधून इंग्रजी पुस्तक ओढून घेतलं. नववं कलम. गुण समान झाल्यास प्रथम संबंधित संघांमधील आपसातला निकाल. तोही समान असेल तरच गोलफरक.

तिने ते पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं. वाक्य तेच राहिलं. कोलंबोने निपाणीला हरवलं होतं. बरोबरी झाली तर निपाणी बाहेर.

आणि मग तिला ते मराठी पान लिहिलं तो रविवार आठवला. बाकी सगळं पान तिने पुस्तक समोर ठेवून, शब्द तोलून लिहिलं होतं. ही एक ओळ मात्र तिने वाचून लिहिली नव्हती, माहीत होती म्हणून लिहिली होती. निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठल्याही मैदानावर बघा, गुण सारखे झाले की गोलफरक. लहानपणापासून हेच ऐकलेलं. घड्याळात सहासष्टावं मिनिट चालू होतं.

सामना-निरीक्षक आशुतोष सर शेजारीच बसले होते. बेळगावातले वकील, मऊ बोलणारे. तिने त्यांना खालच्या आवाजात सगळं सांगितलं आणि विचारलं, खेळ थांबवून दोन्ही संघांना नियम सांगता येईल का? ते म्हणाले, तशी तरतूद नाही. मग तिने विचारलं, निदान निपाणीच्या बेंचला सांगता येईल का?

"मॅडम, नियमपुस्तक सगळ्या संघांना दिलेलं आहे. त्याचं मराठी आम्ही दिलेलं नाही."

"मी दिलंय."

"ते तुम्ही शाळेच्या बाई म्हणून दिलंत. आत्ता तुम्ही टेबल आहात."

त्यांचं बरोबर होतं. हेच तिला सर्वांत जास्त लागलं. ती म्हणाली, मग मी टेबल सोडते. ते म्हणाले, सोडा, पण घड्याळ कुणाच्या तरी हातात द्यायला हवं; तसंच उठलात तर सामन्याची नोंदच रद्द ठरेल आणि उद्या कोणीही तक्रार करेल. तेही बरोबर होतं. मंडपाच्या पलीकडे चहा पीत बसलेल्या दुसऱ्या नोंदणीकाराला हाक गेली. तो पेला ठेवून, चप्पल शोधून आला. उपासनाने वहीत हस्तांतराची वेळ लिहिली, सही केली, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मैदानावर चेंडू डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालला होता. अक्षरा हाताने खूण करून सगळ्यांना सावकाश, सावकाश म्हणत होती. किती शहाण्यासारखी खेळत होती ती.

भावकू अण्णा लाईनीपाशी हात मागं बांधून उभे होते. चेहऱ्यावर समाधान. उपासना धापा टाकत पोचली तेव्हा बहात्तरावं मिनिट लागलं होतं.

"अण्णा, गोल पाहिजे. बरोबरी पुरत नाही."

"पुरतीय की बाई. तुमचाच कागद हाय न्हवं?"

"कागद चुकलाय."

अण्णा हसले. बाईमाणूस घाबरलंय, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. "तुमचा कागद चुकतोय व्हय? बसा, पाणी प्या."

"अण्णा, मी चुकले. आधी आपसातला सामना बघतात, मग गोलफरक. कोलंबोनं आपल्याला हरवलंय. असंच संपलं तर आपण घरी." आणि तिने मंडपाकडे बोट केलं. "त्या पोरी बघा. त्या कशाला नाचतायत?"

अण्णांनी बघितलं. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं, वात खाली केल्यावर कंदिलाचा उजेड उतरतो तसं. त्यांनी बेंचवर बसलेल्या, बाहेर काढलेल्या दोघींकडे बघितलं. त्यांना आता परत आत घालता येत नव्हतं. मग ते लाईनीवर धावले आणि ओरडले, पुढं चला, सगळ्या पुढं.

पोरींना काही कळेना. अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने पुढं जाणारीला शिव्या दिल्या होत्या. दोघी-तिघी थांबून एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीने तर हात हलवून "व्हय अण्णा, सावकाशच खेळतोय" असं उत्तर दिलं. शेवटी थ्रो-इनच्या वेळी अक्षरा जवळ आली. अण्णांनी तिच्या खांद्याला धरून चार शब्दांत सांगितलं. तिने एकदा उपासनाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते खरं आहे का, एवढाच प्रश्न होता. उपासनाने मान हलवली. अक्षरा पळाली.

पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत निरोप चौघींपर्यंत पोचला होता. चौघी पुढं धावायच्या आणि उरलेल्या मागं थांबायच्या. मध्ये मैदान उघडं पडायचं. मागं खेळायची सवय असलेल्या पोरी काठमांडूच्या गोलसमोर जाऊन आंधळ्यासारख्या पाय मारत होत्या. अक्षराने एक चेंडू दोघींमधून काढून मारला, तो खांबाच्या बाहेरून वीतभर अंतराने गेला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. अण्णा गुडघ्यांवर बसले. चेंडू आला, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागला, आणि काठमांडूच्या एका उंच पोरीने तो जिवाच्या आकांताने नव्हे, अगदी आरामात लांब टोलवला.

तो टप्पे खात थेट दुसऱ्या टोकाला, भैरवीकडे गेला.

भैरवीला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती शंभर पावलांवर एकटी उभी होती. अण्णांचा शेवटचा निरोप तिच्यापर्यंत पोचला होता तो मध्यंतराचा: चेंडू आला की धर आणि वेळ खा. तिने चेंडू छातीशी धरला आणि त्यावर आडवी झाली.

उपासना त्या बाजूला आधीच पळत सुटली होती. साडीचा काठ हातात, पायातली एक चप्पल मागं राहिलेली. पन्नाशीला आलेल्या बाईला आपल्याला असं पळताना विद्यार्थी बघतायत याचं भान नव्हतं. गोलच्या मागं जाऊन तिने जाळीला धरलं.

"भैरवी, ऊठ. लांब मार. पुढं मार."

भैरवीने मान वळवून बघितलं. बाई एवढ्या लांब धावत आल्यात, आपल्याला शाबासकी द्यायला, हे बघून तिचा चेहरा खुलला. तिने अंगठा वर केला. मग सावकाश उठली, गुडघे झाडले, बुटाची नाडी बघितली.

"अगं मार. बरोबरीनं आपण हरतोय."

भैरवीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. तिने चेंडू पुढं टाकला, दोन पावलं धावली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारला. चेंडू हवेत असतानाच शिट्टी झाली. लांब शिट्टी, मग पुन्हा एकदा.

निरोप न पोचलेल्या सहा-सात जणी मैदानाच्या मध्यावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एक गुडघ्यांवर बसून जमिनीला हात लावत होती. मंडपाखाली कोलंबोच्या मुलीही नाचत होत्या. थोडा वेळ दोन्ही संघ एकाच निकालासाठी आनंद करत होते, आणि भैरवी गोलसमोर उभी राहून हे बघत होती.

सांगणं उपासनाचंच काम होतं. अण्णा उठले होते, पण तिने हातानेच त्यांना थांबवलं. मैदानात जाऊन तिने मुलींना जवळ बोलावलं आणि सरळ सांगितलं: आपण बाहेर गेलो, नियम वेगळा होता, पान मी लिहिलं होतं, ती ओळ मी पुस्तकात न बघता लिहिली. यात अण्णांची चूक नाही, तुमची तर नाहीच. कुणी रडायला लागलं. कुणीतरी विचारलं, मग हरलो न्हाय तरी कसं बाहेर? उपासनाने तेही समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, पायरीपायरीने. आवाज कापला नाही, याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

अक्षरा शेवटी उभी होती. ती रडत नव्हती. घामाने भिजलेली कप्तानाची पट्टी ती दंडावरून उतरवत होती.

"बाई, तुम्हाला कधी कळलं?"

खोटं सांगता आलं असतं. "त्रेसष्टाव्या मिनिटाला शंका आली."

"आन् अण्णांना सांगितलंसा कधी?"

"बहात्तराव्या."

"मधी काय केलंसा?"

"तीनदा वाचलं. मग परवानगी मागितली."

अक्षराने पट्टीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"थिंफूला शेवटचे दोन गोल आम्ही सात मिनिटांत घातलते, बाई," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. चुकलेल्या गणितात चूक कुठं झाली ते दाखवावं, तसं. मग ती वळली आणि गोलसमोर अजून तशीच उभी असलेल्या भैरवीला आणायला निघाली.