चव्वेचाळीस नंबरचा गाळा

काओ पै-यूनने एंटर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: हा पत्ता आधीच वापरात आहे.

परीक्षेची बावीस मिनिटं उरली होती. काम तसं एवढंसं. विभागाच्या सर्व्हरवर आपला प्रोग्राम चालवायचा, त्याला एक पोर्ट, म्हणजे नुसता एक क्रमांक, नेमून द्यायचा आणि फांग मॅडमनी आपल्या टेबलावरून त्या क्रमांकावर निरोप धाडला की उत्तर द्यायचं. पै-यूनने ८८८८ दिला होता. शुभ कामाला आठ सोडून दुसरा आकडा कोण घेतो? घरच्या लॅपटॉपवर तो महिनाभर बिनतक्रार चालला होता.

गेल्या सत्रात नेमकी हीच ओळ आली होती. तेव्हा घाबरून तिने चांगला प्रोग्राम उसवत नेला आणि नापास झाली. आज पुन्हा तसंच झालं तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. आईला यातलं तिने काहीच सांगितलं नव्हतं.

तिने एक ओळ खोडली. मग बोट थबकलं आणि तिने ती परत लिहिली.

"मॅडम, सर्व्हरच बिघडलाय!" मागून छंग-हाव ओरडला. "सहा सहा सहा सहासुद्धा घेत नाही!"

"सर्व्हर ठणठणीत आहे," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "तुम्ही अठ्ठावीस जण एकाच सर्व्हरवर बसलायत, एवढं ध्यानात ठेवा आणि तोंड बंद."

पै-यूनचे हात मांडीवर आले.

ताइनानच्या ज्या मंडईत तिची आई माशाची पेज विकायची, त्या मंडईचा पत्ता एकच होता. पोस्टमन फाटकातून आत शिरला की गाळ्याचा नंबर बघायचा. आणि एका गाळ्यात दोघींना चूल मांडता येत नाही. त्यावरून झालेली झिंज्या उपटण्यापर्यंतची भांडणं पै-यूनने लहानपणापासून पाहिली होती. घरच्या लॅपटॉपवर ती एकटी होती, म्हणून ८८८८ मोकळा असायचा. इथे अठ्ठावीस जण, आणि झाडून सगळ्यांना आठच हवा!

म्हणजे प्रोग्राम बरोबर होता. गेल्या वेळचाही बरोबरच होता. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ते तिने खोकल्यात दडवलं.

तिने व्यापलेल्या क्रमांकांची यादी पडद्यावर काढली. सगळे आठ गेलेले, सगळे सहा गेलेले, प्रेमात पडलेल्या कुणीतरी ५२०० धरलेला, कारण पाच-दोन-शून्य ऐकायला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’सारखं. कोणताही आडवातिडवा आकडा आता चालला असता. पण तिला आईचा गाळा आठवला. वीस वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा चव्वेचाळीस नंबरला कोणी हातच लावला नव्हता, कारण चार हा शब्द ऐकायला ‘मरण’सारखा; म्हणून तो आईला मिळाला. शाळेत पै-यून मैत्रिणींना सांगायची, आमचा गाळा त्रेचाळीसच्या पुढचा. आई मात्र ठणकावून चव्वेचाळीस म्हणायची. जिथे कोणी बसत नाही, तिथून कोणी उठवतही नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पै-यूनने ४४४४ टाइप केलं.

"ए, वेड लागलं का तुला?" शेजारच्या यी-झूने दबक्या आवाजात विचारलं. "इस्पितळात चौथा मजला नसतो, आणि तू परीक्षेच्या दिवशी चार चार चौके मांडतेस?"

पै-यूनने एंटर दाबलं. ती ओळ आली नाही. प्रोग्राम गप्प बसून वाट पाहू लागला.

थोड्या वेळाने मॅडमचा निरोप आला. उत्तरही गेलं.

"चव्वेचाळीस चव्वेचाळीस कोणाचा?" मॅडमनी विचारलं. वर्गात खसखस पिकली.

"माझा, मॅडम."

"हाच का घेतलास?"

"खात्रीने रिकामा असणार होता, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "समजलं म्हणायचं तुला, काओ," त्या म्हणाल्या आणि तिच्या नावापुढे खूण केली. "बाकीच्यांनो, अजून नऊ मिनिटं आहेत."

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर तिने आईला फोन लावला. मागे पातेल्यांचा खणखणाट चालू होता.

"झालं का गं?"

"झालं, आई. पास झाले. आणि नंबर कुठला घेतला माहितेय? चारदा चार."

पलीकडे पळीचा आवाज थांबला.

"मग? आलं का कोणी तिथे?"

"आलं ना. मॅडमच आल्या."

"पहिलं गिऱ्हाईक," आई म्हणाली.

"आई, तुला एक सांगायचं होतं. गेल्या सत्रात मी..."

"पत्र आलं होतं कॉलेजचं. दोन महिने झाले. चव्वेचाळीस नंबरवर बरोबर पोचतं सगळं." पळी पुन्हा फिरू लागली. "ये आता. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या."