आधी धरायचं

तीन नंबरच्या खोपीतून आधी खुर्ची बाहेर आली, मग बाई.

खुर्ची वाळूत उलटी पडली. बाई पडता पडता वाचली. तिनं दाराचा बांबू धरला. मागून तिचा नवरा आला आणि त्यानं तिच्या कानाखाली लगावली. एक आत आधीच बसली असणार, कारण दुसरा गाल लाल झालेला होता.

"चादरीत वाळू! वाळूत लोळायला आणलंय का मी तुला इथं? झटकता येत नाही?"

दोन खोपींच्या मध्ये राखणदार चादर पिळत होता. पाटीवर कॉटेज लिहिलं होतं आणि मालकीणबाईही कॉटेजच म्हणायच्या, पण झावळ्यांचं छप्पर आणि बांबूच्या भिंती असलेल्या त्या सहा खोपीच होत्या. चादरीचं एक टोक माडाला बांधलेलं आणि दुसरं त्याच्या हातात. चादर पिळणं खरं तर दोघांचं काम. अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत दुसरं टोक त्याच्या बायकोच्या हातात असायचं. ती डावखुरी होती. तिचा पीळ उलटा बसायचा म्हणून त्यानंही आपला हात उलटा फिरवायची सवय लावून घेतली होती.

आता तिच्या जागी तिची धाकटी बहीण कामाला यायची. ती दहा हातांवर उभी राहून आपल्या वाट्याच्या चादरी गुडघ्याखाली दाबून एकटीच पिळायची. त्याच्या चादरीचं टोक तिनं एकदाही धरलं नव्हतं.

"बघताय काय भावोजी नुसते?" ती म्हणाली. "की बघून बघून सवय झालीय?"

त्यानं चादर सोडली आणि तो तीन नंबरकडे गेला.

"साहेब, हात खाली घ्या. चादर बदलून देतो मी."

"तू कोण रे?"

"राखणदार."

"मग जा, माड राख."

"बाईंना मारू नका."

पाहुणा अंगानं पैलवानासारखा होता आणि सकाळपासून पीत होता. त्याचा ठोसा राखणदाराच्या तोंडावर बसला. तो गुडघ्यावर आला तशी बरगडीत लाथ बसली. तोंडात रक्ताबरोबर काहीतरी टणक लागलं. त्यानं ते हातावर थुंकलं. दात होता. त्यानं तो खिशात टाकला. आता कुठं ठेवायचा ते सुचलं नाही म्हणून.

"अजून बोल," पाहुणा म्हणाला. मग त्यालाच कंटाळा आला. त्यानं शर्ट काढून बायकोच्या अंगावर फेकला, चपला तिच्या पायाशी भिरकावल्या. "डोकं थंड करून येतो. तोवर चादर झटकून ठेव."

"साहेब, पाण्याला आज ओढ आहे," राखणदार वाळूतूनच म्हणाला. "ते लाल फडकं लावलंय बघा."

"तुझ्या बापाचा समुद्र आहे का?"

राखणदारानं आजवर चौदा जणांना त्या पाण्यातून ओढून काढलं होतं. पण गेल्या अकरा महिन्यांत तो घोट्याच्या वर पाण्यात शिरला नव्हता.

हे काम त्याला एका म्हाताऱ्या नावाड्यानं शिकवलं होतं. बुडणारा मिठी मारतो. ती सोडवली नाही तर दोघंही जातात. म्हणून एका हातानं त्याचे केस पक्के धरायचे आणि मग दुसऱ्या हातानं गालफडावर ठोसा हाणायचा. मिठी सुटते, माणूस सैल पडतो, तुम्ही केसांना धरून त्याला ओढत आणता. "आधी धरायचं, मग मारायचं," म्हातारा म्हणायचा. "उलटं केलंस तर सुटलेला माणूस दगडासारखा खाली जातो." चौदा जणांना त्यानं असंच मारलं होतं. त्यातले तिघे शुद्धीवर आल्यावर त्याला शिव्या देऊन गेले. एकानं मिठाई पाठवली.

अकरा महिन्यांपूर्वी त्या दिवशी तो पाच नंबरच्या छपरावर झावळ्या बांधत होता. तेव्हाच्या पाहुण्यांची लहान मुलगी हवेच्या गादीवरून वाहत चालली होती आणि किनाऱ्यावर जवळ होती ती त्याची बायको. ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. मुलगी एका लाटेनं आपोआप परत आली. बायको आली नाही. तो पोचला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली. एकतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आता मारायचं होतं. ते बघवणार नाही म्हणून त्यानं डोळे मिटले आणि ठोसा हाणला. धरायचं राहून गेलं. डोळे उघडले तेव्हा गळा मोकळा होता.

तासाभरानं ती खूप लांब किनाऱ्याला लागली. डाव्या गालफडावर काळंनिळं झालं होतं.

"खडकावर आपटली," तो सगळ्यांना म्हणाला.

बहिणीचं तोंड धाकटीनं आपल्या हातानं धुतलं होतं. आठ दिवसांनी तिनं राखणदाराच्या मुलीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि मुलीचा बापाला येणारा फोन बंद झाला. पुढच्या महिन्यात धाकटी कामाला आली ती हाच प्रश्न घेऊन: "इथं खडक कुठंय भावोजी? मला दाखवा एकदा." त्यानं समुद्राकडे नुसता हात केला होता. तेव्हापासून प्रत्येक ओहोटीला ती कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पायानं तळ चाचपायची. सगळी वाळू. तिला काय वाटतं ते त्याला माहीत होतं. खोपीच्या आत, बंद दारामागं, हा माणूस तिच्या बहिणीला मारत होता, असं तिला वाटत होतं. त्यावर काय बोलायचं? मारलं नाही म्हणणं खोटं होतं आणि मारलं म्हणणं त्याहून खोटं.

"भावोजी!"

धाकटीच्या हाकेत या वेळी टोमणा नव्हता.

पाहुणा लाटांच्या पलीकडे गेला होता. त्याचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. एक हात वर आला आणि पाण्यावर आपटला. त्याची बायको काठावर उभी होती. तिनं त्याच्या चपला छातीशी धरल्या होत्या आणि ती ओरडत नव्हती.

राखणदार धावला. बरगडी आतून टोचत होती. पहिल्या लाटेनं त्याला पाडलं, दुसरीच्या तो खालून गेला. खारं पाणी फुटलेल्या हिरडीला झोंबलं. तो पोचला न पोचला तोच पाहुण्यानं त्याच्यावर झडप घातली. त्याचे गुडघे राखणदाराच्या पोटात घुसले, नखांनी कान फाडला, आणि त्यानं राखणदाराला खाली दाबून त्याच्या खांद्यांवर उभं राहायची धडपड सुरू केली. पाण्याखाली सगळं हिरवं झालं. राखणदारानं केसांसाठी हात घातला, तर केस बारीक कापलेले. हातात येईनात. बोटं टाळूवरून घसरली, मानेवरून घसरली, आणि अखेर चड्डीच्या पट्ट्यात अडकली. त्यानं पट्टा मुठीला पीळ घालून धरला.

मग तो वर आला. डोळे उघडे ठेवले. समोरचं तोंड, त्यातली भीती, सगळं नीट बघितलं आणि ठोसा हाणला. मिठी सुटली.

त्यानं आणखी एक हाणला. दुसऱ्याची गरज नव्हती. तो त्या बाईसाठी होता, असं त्याला क्षणभर वाटलं. मग तेही खरं वाटलं नाही.

वाळूवर आणून टाकल्यावर पाहुणा बराच वेळ पाणी ओकला.

"कशाला आणलंत?" त्याची बायको राखणदाराला म्हणाली. अगदी शांतपणे. मग खाली बसून तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"यानं मारलं मला," पाहुण्याला वाचा फुटली. "पाण्यात मारलं! बघ, गाल बघ! पोलिसात देतो हरामखोराला!"

धाकटी पुढं आली. लहान मुलाची वळवावी तशी तिनं त्याची हनुवटी धरून मान वळवली. डावं गालफड सुजून काळंनिळं होत चाललं होतं. ती बघत राहिली. मग तिनं राखणदाराच्या मुठीकडे बघितलं आणि ती चादरींकडे निघून गेली.

तो तिच्या मागं गेला.

"तिला पण?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"पाण्यात?"

"हो."

"आणि घरात?"

"घरात कधीच नाही."

"मग खडक कशाला सांगितलात?"

"आधी धरायचं असतं," तो म्हणाला. "मी आधी मारलं. डोळे मिटले होते मी. हे कुणाला सांगू?"

धाकटीनं बादलीतली ओली चादर उचलली आणि ती त्याच्या तोंडावर मारली. मग खांद्यावर, मग छातीवर. ओलं कापड चाबकासारखं बसत होतं. हिरडीतून परत रक्त आलं आणि चादरीवर उमटलं. तो जागचा हलला नाही. हातही आडवा घातला नाही. ती थकली तेव्हा थांबली.

"पोरीला मी सांगितलं, तुझ्या बापानं आईला मारलं म्हणून."

"खोटं नाही सांगितलंस."

"फार शहाणे आहात." तिनं नाक पुसलं. "पोरीला फोन तुम्ही करायचा. आज. मी नाही करणार. ती काय शिव्या द्यायच्या त्या देईल, त्या ऐकून घ्यायच्या."

"उचलेल का?"

"नाही उचलला तर उद्या करा."

तीन नंबरची बाई तेवढ्यात बाहेर आली. तिच्या खांद्याला एकच पिशवी होती. नवऱ्याच्या चपला तिनं उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि ती रस्त्याच्या दिशेनं चालू लागली. तो वाळूत पडल्या पडल्या तिला हाका मारत होता.

धाकटीनं रक्ताची चादर बादलीत बुचकळून खळबळली. माडाला बांधलेल्या चादरीची गाठ ओली होऊन आवळली होती. ती तिनं दातानं सोडवली आणि टोक स्वतःच्या हातात घेतलं.

"धरा."

त्यानं धरलं. बोटांचे सांधे सुजले होते, तरी धरलं.

"पिळा."

दोघंही पिळू लागले. चादर नुसतीच गोल गोल फिरली. एक थेंबही गळला नाही.

"तुमचा हात उलटा फिरतोय," धाकटी म्हणाली.

मग त्यानं हात दुसऱ्या बाजूनं फिरवला, आणि पाणी वाळूत पडू लागलं.