पारड्याखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुना, फार जुना खनिजकण आहे, आणि आज मी चिडलेलो आहे. नाव कोक्चेताव्हाइट. फेल्डस्पारच्या घराण्यातला, पण दुर्मिळ. जमिनीखाली शंभर किलोमीटरहून खोल जाऊन आलेल्या खडकात, गार्नेट या खनिजाच्या पोटात माझा जन्म झाला. डोळ्यांना मी दिसत नाही. माझा दगड मात्र मुठीएवढा, आणि दिसतो त्याहून जड.

यवतमाळच्या एका कॉलेजातल्या सरांनी तो कझाकस्तानातून आणला. ते मला सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत. सर गेले आणि कपाट रिकामं करणाऱ्यांनी आम्हाला भंगारात टाकलं. तिथून दारव्ह्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने उचललं. कशासाठी? जड म्हणून! वजनाच्या पारड्याखाली तरटात शिवलं मला. समोरच्या पारड्यात माझ्याएवढा कापूस फुकट चढायचा. ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची होती. तरी त्या माणसाला एवढ्यातही काटा मारायचा होता. मी आतल्या आत जळत होतो.

एका बाजारी कांताबाई आली. हंगामभर तिने आणि तिच्या लेकीने, मैत्रेयीने, वेचलेला कापूस गाडीत होता. मापारी धावजीने पहिलं माप केलं. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ!" धावजी ओरडला.

कांताबाई पुढे झाली. "एवढा कापूस लागला? रिकामं पारडं दाखवा मले."

"बाई, लाभ झाला," व्यापारी गादीवरून म्हणाला. "लाभ मोडत नसतात. अपशकुन होते."

"लाभ तुमचा झाला. माहा कुठी झाला?"

तिने स्वतः कापूस उतरवला. मग वजनं उचलली. तरी माझं पारडं खालीच. तिने तरट फाडलं, मला बाहेर काढलं.

"साधा दगड आहे, अडकला असन," व्यापारी म्हणाला.

साधा? मित्रांनो, पृथ्वीच्या पोटातल्या दाबाखाली मी कधी खोटा ठरलो नव्हतो. या माणसाच्या तरटाखाली ठरलो.

"काहून अडकला, सांगा ना," कांताबाई म्हणाली आणि मला गादीवर, त्याच्या पुढ्यात आपटलं. मागच्या गाड्यांवरून माणसं उतरू लागली. धावजी खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानेच कापूस पुन्हा चढवला, आणि यावेळी हळू आवाजात म्हणाला, "लाभ."

मित्रांनो, मला कपाटात जपा असं मी म्हणत नाही. पण कुणी लाभ म्हणण्याआधी रिकामं पारडं बघायला मागा. मागताना लाजू नका.