फुलं बघायला

ग्वेनचा फोन आला तेव्हा नेव्हिल पुस्तकांवरची धूळ पुसत होता. "द्राक्षं तयार व्हायला आलीत. येणार ना?" एवढंच ती म्हणाली.

तीस वर्षं दर फेब्रुवारीत तो पर्थहून भावाच्या मळ्यावर आठ दिवस राहायला जायचा. पण बोलावणं यायचं ते भावाचं. रॉस हिवाळ्यात गेला. भाऊच नाही तिथे दिराला कोण कशाला बोलावणार? यंदा रीत म्हणून बोलावलं असेल, पुढच्या वर्षी तेही नाही, असं मनाशी घोकत तो बसमध्ये चढला. या आठ दिवसांत एखादं तरी काम आपल्या हातून धड व्हावं आणि ग्वेनने पुन्हा बोलवावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ग्वेन म्हणाली, "नेव्ह, आज फुलं बघून ये."

त्याच्या हातातली लोण्याची सुरी थांबली. मळ्यामागच्या रानात मारीची, तिकडच्या निलगिरीसारखी उंच झाडं होती. ती भरभरून फुलली की चष्मेवाले पक्षी त्यांच्या मधावरच राहतात, द्राक्षांकडे फिरकत नाहीत. फुलं रोडावली की तेच मुठीत मावणारे जीव मळ्यात उतरतात आणि घडच्या घड टोचून ठेवतात. मग ओळीन् ओळ जाळीखाली झाकावी लागते, आणि ते कंबरडं मोडणारं काम. जाळी टाकायची की नाही हे फुलांवरून ठरायचं, आणि फुलं बघायचं काम रॉसचं.

"मला त्यातलं काय कळतं?"

"चष्मेवाल्यांच्या कामाला चष्मेवालाच बरा," ग्वेन त्याच्या भिंगांकडे बघत म्हणाली. "आणि घाई करू नकोस. रॉसला दोन तास लागायचे."

नेव्हिल झाडांचं पुस्तक बगलेत मारून निघाला. रानात मारीची टणक बोंडं पायाखाली गोट्यांसारखी घरंगळत होती. एकदा तो पडता पडता वाचला. मान दुखेपर्यंत त्याने शेंडे न्याहाळले. एक झाड सायीसारखं पांढरं, शेजारचं कोरडं ठाक. पुढचं निम्मं. पुस्तकात असल्या निम्म्या झाडाबद्दल एक ओळ नव्हती. फुललीत म्हणावं तर द्राक्षं जातील, नाही म्हणावं तर ग्वेनची कंबर जाईल.

तेवढ्यात पायवाटेवरून शेजारच्या मळ्यातला डार्सी आला. साठीचा गडी, अनवाणी, ओलाचिंब.

"रॉसचा भाऊ ना रे तू? फुलं बघायला आलायस?"

"हो. तुला कशी वाटतायत?"

"आज काय विचारतोस. पहाटेपासून फुटतायत. रॉस असता तर हलला नसता."

नेव्हिलने आशेने वर पाहिलं. "मला तर इथे फारशी दिसत नाहीत."

"इथे कशी दिसतील? खाली जा की." डार्सी हसत निघून गेला.

नेव्हिल खाली गेला. वाट एका थोराड मारीपाशी वळत होती. जुन्या वणव्यात तिचं बुंध्याचं पोट जळून ढोली झाली होती. ढोलीत एक सर्फबोर्ड उभा होता, पिवळा, कडेला ठिगळ मारलेला. शेजारी बोर्डाला घासायची मेणाची वडी आणि वाळून कडक झालेला टॉवेल. टॉवेलवर धोब्यासाठी घालतात तशी अक्षरं होती, र आणि ग. झाडीच्या फटीतून समुद्र दिसत होता, आणि लाटा एकामागून एक फुटत होत्या.

नेव्हिल तिथेच बोंडांवर बसला. तीस वर्षं रॉस फुलं बघायला जायचा. हे आता ग्वेनला सांगायचं कसं? आणि न सांगावं, तर फुलांचं काय सांगायचं?

तो परतला तेव्हा ग्वेन ट्रॅक्टरमागून जाळी सोडत होती. चार ओळी झाकूनही झाल्या होत्या.

"अगं, मी यायच्या आधीच?"

"उजाडताच घडांवर चष्मेवाले बघितले मी. ते काय तुझ्या निकालाची वाट बघतात?"

"मग मला कशाला पाठवलंस?"

"रॉस इथे असला की जाळी टाकू की नको यात दोन दिवस घालवायचा. त्याला रानात धाडलं की मी मोकळी." तिने जाळीचा गुंता सोडवला. "समुद्राच्या मिठाने ताठलेले केस घेऊन यायचा आणि म्हणायचा, फुलं बघितली. मी म्हणायचे, कशी आहेत? फुटतायत, म्हणायचा. बिचाऱ्याला वाटायचं, मला कळत नाही."

नेव्हिलने चष्मा पुसला. "मला खरंच काही कळलं नाही, ग्वेन. निम्मी फुललीत, निम्मी नाहीत. आणि त्याचा सर्फबोर्ड तिथेच आहे. ढोलीत."

ग्वेनचे हात थांबले. "पिवळा?"

"हो. टॉवेलही आहे."

"टॉवेल माझा तो. सात वर्षं शोधतेय." ती ओळींकडे वळली.

"घेऊन येऊ?"

"नको. असू दे." मग तिने नाक ओढलं. "पुढच्या वर्षी घडीची खुर्ची घेऊन जा. बोंडांवर बसून पँट फाडून घेऊ नकोस. दोन तासांच्या आत आलास तर बघ."

पुढच्या वर्षी. नेव्हिलने ते दोन शब्द मनाशी पुन्हा म्हटले.

"उभा काय राहिलास? ते टोक धर."

त्याने टोक धरून ओढलं. जाळी आधी त्याच्या चष्म्यात अडकली, मग द्राक्षांवर गेली.