खुशालच्या पाठीखाली

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. सागाच्या जंगलात राहते, पण माझ्या अंगात सागाचे एक कुसळसुद्धा नाही. साग सरकारचा. त्याला हात लावला की फॉरेस्टचा गार्ड दारात उभा. म्हणून आमच्या आलापल्लीत गरिबाघरच्या खाटा येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या असतात. येन जड, काळपट आणि थोडा हट्टी असतो. मीही तशीच आहे. कोणी धपकन बसले की करकर करून नापसंती कळवते.

मला खुशालने आणि पोचूने मिळून बनवले. खुशाल लाकडाच्या डेपोत ओंडके रचायच्या कामावर होता. पोचू त्याचा जोडीदार, पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, राहणारा. खुशालचे लग्न ठरले तेव्हा माझे पाय खुशालने तासले आणि अंबाडीची दोरी पोचूने वळली. विणून झाल्यावर दोघे दांडगे गडी माझ्यावर उड्या मारून बघत होते, तुटते का म्हणून. मी तुटले नाही. पुढे गिरजाबाई या घरात आली. आल्या आल्या तिने माझी पायथ्याची दोरी सोडून पुन्हा ताणून बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "खाट ढिली असली का पाठ जाते." तिचे हे बोलणे मला पुढे फार आठवले.

घर बौद्धांचे. खुशालचा बाप छप्पन साली चांद्याहून दीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याने घरातला मोहाच्या दारूचा गडू अंगणात आपटून फोडला होता. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तो गडू माझ्यासमोरच फुटला असे मला वाटते. खुशालने दारूला कधी बोट लावले नाही. दर पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायचा मान त्याच्याकडे होता. तो पुढे म्हणे आणि लोक त्याच्यामागून म्हणत. त्याचा आवाज भरदार. नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील तो अंमळ जोरात म्हणतो अशी लोक थट्टा करत, कारण समोर चोरून पिणारे चार-दोन हमखास बसलेले असत. तो नुसता हसायचा. त्या दिवसांत तो हसायचा, मित्रांनो.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डेपोतल्या थप्पीवरून एक ओंडका सुटला आणि खुशालच्या कमरेवर आला. त्याला ट्रकमध्ये घालून लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेले. बरेच महिने मी रिकामी होते. गिरजाबाई खाली जमिनीवर झोपायची, माझ्यावर नाही. तो परत आला तेव्हा कमरेला कातडी पट्टा होता आणि पिशवीत गोळ्या होत्या. मणका जसा जुळायचा तसा जुळला होता. दुखणे मात्र त्याने घरीच आणले होते.

त्या गोळ्यांना मी उगाच नावे ठेवणार नाही. सुरुवातीला त्यांनीच त्याला माणसांत आणले. गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने त्याची पाठ माझ्या दोरीवर सैल पडायची, जणू कोणी आतून गाठ सोडली. तो उठू लागला. डेपोने त्याला नाक्यावर चौकीदारीला बसवले. पण गोळीचा गुण हळूहळू लवकर उतरू लागला. एकीच्या जागी दोन, दोनच्या जागी अजून. डॉक्टर बदलत राहिले आणि प्रत्येकाने आधीच्याने लिहिलेले तेच पुन्हा लिहून दिले. खुशाल बसल्या बसल्या पेंगायचा. पोट साफ व्हायचे नाही, भूक मेली, बोलणे आटले. चौकीदारीही सुटली. पौर्णिमेला मात्र तो कसाबसा उठून विहारात पंचशील सांगून यायचा. गिरजाबाई भाताच्या रोवणीहून चिखलाने भरलेली घरी यायची आणि हा भिंतीकडे तोंड करून माझ्यावर पडलेला असायचा.

मग सरकारी दवाखान्यात एक नवीन डॉक्टर आले. त्यांनी पहिल्यांदा विचारले की हे किती वर्षे चालू आहे. त्यांच्याकडून परत आला त्या दुपारी खुशाल माझ्या कडेला बसला. गिरजाबाई कामावर गेली होती आणि पोचू उंबऱ्यावर बिडी ओढत होता.

"पोचू, डाक्टर म्हन्ते, हे अफूच्या जातीचं औषध हाये."

"मंग?"

"मंग काय? माह्या बापानं गडू फोडला, अन् मी अफू खाऊन राह्यलो. त्याच तोंडानं विहारात पाचवं शील सांगून राह्यलो."

"अगा, तुले डाक्टरनंच देल्ली ना? तू थोडी भट्टीवर गेलता."

"नशा ते नशा."

"सोडाचं कसं सांगतलं त्यानं?"

"हळूहळू, म्हन्ते. थोडी-थोडी कमी कराची." खुशालने गोळ्यांची पिशवी मांडीवर ओढली. "शील असं घेते का मानूस? आज अर्धं, उद्या पाव? वैशाखी पुनवेले मी स्वच्छ तोंडानं बसीन. तू गिरजेले सांगू नको."

तो माझी कड धरून उठला आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याने चुलीत टाकल्या. मी खाट आहे, मला ओरडता येत नाही. मी फक्त करकरते, आणि ती करकर या घरात कोणी मनावर घेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जांभया सुरू झाल्या. जांभईमागून जांभई, डोळ्यांना पाणी, नाकाला धार. मग अंगावर काटा आला आणि वैशाखाच्या उन्हात तो थडथडू लागला. अंग घामाने निथळत होते आणि दात वाजत होते. ओकाऱ्या, जुलाब. पाय तर त्याचे राहिलेच नव्हते. ते आपोआप झटके देत आणि माझ्या पायथ्यावर आपटत. आणि या सगळ्याच्या खाली ते जुने दुखणे जागे झाले. इतकी वर्षे गोळीने त्याला निजवून ठेवले होते, आता ते उपाशी उठले. त्याच्या पाठीचा एकेक स्नायू माझ्या दोरीवर दगडासारखा घट्ट झालेला मला कळत होता. तो रडत नव्हता. तोंडात गमछा कोंबून पडला होता.

आमच्या भागात माणूस थंडी वाजून कापू लागला की कोणी दुसरा विचार करत नाही. हिवताप. घरोघरी तोच. गिरजाबाईने त्याच्यावर घरातल्या सगळ्या वाकळी टाकल्या आणि हिवतापाच्या कर्मचाऱ्याला बोलावून आणले. त्याने बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतले आणि निकाल येईपर्यंत घ्या म्हणून कडू गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की खुशालला अजून उलट्या होत. गिरजाबाई त्याचे तोंड पुसायची, वाकळ नीट करायची आणि पुन्हा कडू गोळी पुढे करायची. तोही मुकाट्याने ती गिळायचा. खरे सांगितले तर आपण अफू खात होतो हे बायकोला कळेल, त्यापेक्षा त्याला हिवताप परवडत होता.

पोचू रोज यायचा, उंबऱ्यावर बसायचा आणि विझलेली बिडी ओढत राहायचा. त्याने शब्द दिला होता. मग एक सकाळ अशी उजाडली की खुशालला पाणीही पोटात ठरेना. डोळे खोल गेले, जीभ लाकूड झाली. त्याच सकाळी त्याच्या पायाच्या झटक्याने माझी पायथ्याची दोरी तुटली. पोचूने ती तुटलेली दोरी हातात घेतली, त्यानेच वळलेली, आणि तो गिरजाबाईकडे वळला.

"बाई, हा हिवताप नोहे."

"मंग काय हाये?"

त्याने सांगितले. गिरजाबाई ऐकत उभी राहिली. मग तिने एकेक करून सगळ्या वाकळी काढल्या आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकली.

"मले काऊन नाई सांगतलं जी तुमी? मी तं तुमाले अंगावर ओझं टाकून मारून राह्यली."

त्याने डोळे मिटून घेतले.

पोचूने मला घाईघाईत दुसरी दोरी बांधली, दोन्ही बाजूंना बांबू लावले आणि चार खांद्यांवरून मी निघाले. आमच्याकडे आजाऱ्याला दवाखान्यात असेच नेतात. त्या उन्हात माझ्या येनाच्या हाडांचा मला फार राग आला. मी हलकी असते तर त्यांना लवकर पोचता आले असते.

डॉक्टरांनी त्याला सलाईन लावले. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"खुशालभाऊ, मी हळूहळू म्हणालो होतो ना? तुमच्या शरीराला सवय झाली आहे. त्यात तुमचं पाप नाही. आता थोडी पुन्हा सुरू करू आणि मग पायरी-पायरीने उतरवू."

"म्हंजे परत खाऊ?"

"हो. थोडे दिवस."

त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. गिरजाबाईने अर्धी गोळी त्याच्या ओठाजवळ नेली. त्याने तोंड फिरवले. ती तशीच हात धरून थांबली. शेवटी त्याने ती गिळली आणि तो रडला. ओंडका पडला तेव्हा तो रडला नव्हता, असे पोचू सांगतो. त्या अर्ध्या गोळीने रडवले. संध्याकाळी विहारात पंचशील दुसऱ्याच कोणी सांगितले.

पुढचे सोपे झाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. गोळ्या गिरजाबाईने आपल्याकडे ठेवल्या. पावसाळाभर ती त्या कमी करत गेली आणि दर वेळी कमी केल्यावर खुशाल पुन्हा थोडा कापायचा, तिच्यावर खेकसायचा, मग माफी मागायचा. कधी कधी तो हात पुढे करून नुसता तिच्याकडे बघायचा. ती उठून बाहेर जायची आणि अंगणात उभी राहून डोळे पुसायची. धान कापून झाले, थंडी आली, आणि एक दिवस द्यायला गोळी उरली नाही. तो जिंकला, असे पोचू म्हणाला. गोळी गेली होती, पाठ तशीच होती. आता दुखण्याच्या आणि त्याच्या मध्ये कोणी नव्हते.

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला त्याला विहारात नेले. त्याला जमिनीवर बसवत नाही, म्हणून विहारापुढच्या मांडवात मलाही नेले. वस्तीतले थोरले वामनराव म्हणाले, "खुशालभाऊ, आज तूच सांग." तो माझ्यावर उठून बसला, हात जोडले. आवाज बारीक झाला होता, पण सुरात होता. पहिली चार शीले त्याने सांगितली आणि लोकांनी मागून म्हटली. पाचव्याला तो थांबला.

"मले नाई म्हनता येत," तो म्हणाला. "आता कोनी गोळी देल्ली तं मी खाईन."

कोणी हसले नाही. गिरजाबाईने बसल्या जागेवरून पाचवे शील म्हटले, आणि मग लोकांनी ते तिच्यामागून म्हटले. खुशालचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले होते. त्याच्या पाठीतून कळ निघाली की ती माझ्या दोरीत उतरते. त्या वेळी माझी सगळी दोरी थरथरत होती.

आता मी जुनी झाले. माझा एक पाय उधईने, म्हणजे वाळवीने, पोखरला आहे. गिरजाबाई दर बाजाराच्या दिवशी माझी पायथ्याची दोरी सोडते, ताणते आणि पुन्हा बांधते. मी ताठ होते. खुशालच्या पाठीला अशी ताणायची दोरी कुठे नाही. मग ती त्याला हळूच माझ्यावर टेकवते आणि विचारते, "आज कसं हाये जी?" तो म्हणतो, "तसंच." पुढच्या बाजारालाही ती हेच विचारते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे पडून असेल तर त्याच्यावर न विचारता वाकळ टाकू नका. खाटेच्या कडेला बसा आणि कसे आहे ते विचारा. उत्तर तेच येईल. तरी विचारा.